कापसाच्या गाडीवरून दिसलेलं मैदान

दिवाळी सरली की धुळ्याहून अमळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. भरलेले ट्रक आणि टेम्पो फांद्यांना घासून जातात, काट्यांत पांढरे पुंजके अडकतात आणि वारा सुटला की रस्ताभर उडत राहतात. यंदाही अडकलेत. मी एसटीच्या खिडकीशी बसून ते बघत होते आणि शेजारचा मुलगा मोबाइलवर फुटबॉलची मॅच बघत होता. कुठल्याशा परक्या देशातलं मैदान, वर छप्पर, चहूकडे दिव्यांचा लखलखाट. खिडकीबाहेर कापूस आणि खिडकीच्या आत फुटबॉल, अशी मी मधोमध सापडले. मग फुईची आठवण येणारच होती, ती आली.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, यमुनाफुई. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आमच्या घरात तिला कुणी दुखवलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. लग्नाकार्यात ती चुलीपाशी असायची, सणावाराला मागच्या पडवीत. ती उंच होती, आवाज खणखणीत होता, आणि हसू आलं की पदर तोंडाशी धरायची, जणू हसणं ही कुणाकडून उसनी आणलेली वस्तू आहे. आबा, म्हणजे माझे वडील, तिच्यापेक्षा लहान. तरी घरात शब्द आबांचा चालायचा आणि कामं फुईची.

फक्त कापसाच्या हंगामात फुई स्वतःहून काहीतरी मागायची. म्हणायची, गाडीबरोबर मी जाते.

आमच्या गावापासून कोसभरावर निंबकोठा हे बाजारगाव. तिथे जिनिंगच्या कारखान्याला लागून कापूस खरेदीचं सरकारी केंद्र होतं. तो ऐंशीच्या दशकातला काळ. कापूस तिथेच घालायचा आणि रांगेत नंबर लागेपर्यंत गाडीशी बसून राहायचं, अशी रीत. कधी दोन दिवस, कधी तीन. बैल सोडून मागे बांधायचे, धुऱ्याखाली लाकडाचा टेकू द्यायचा आणि बांबूच्या तट्ट्या लावून वरपर्यंत दाबून भरलेल्या कापसावर कुणीतरी बसायचं. कुणी बसलं नाही तर शेजारचे बैल मान लांब करून कापूस ओढतात, आणि माणसंही काही कमी नसतात. पुरुषांना या बसण्याचा कंटाळा. ते चहाच्या टपरीवर पत्ते कुटत. त्यामुळे फुई बसते म्हणाली की आबांना बरंच वाटायचं. "जाऊ दे, तिलाही जरा मोकळं वाटेल," असं आई म्हणायची. फुईला तिथे नेमकं कशाने मोकळं वाटतं, ते आईला ठाऊक नव्हतं.

मी सातवीत असताना हट्ट करून तिच्याबरोबर गेले आणि मला ते कळलं.

खरेदी केंद्राच्या पुढ्यात एक मोठं सपाट मैदान होतं. जिनिंगवाल्यांनी कधीकाळी गाठी रचण्यासाठी ते चोपून घेतलेलं. गाड्यांची रांग केंद्राच्या फाटकात मावायची नाही, मग ती या मैदानाला वळसा घालत जायची. आणि नेमकं याच हंगामात तिथे जिल्ह्याची फुटबॉल स्पर्धा भरायची. भुसावळकडून रेल्वे कॉलनीतली पोरं यायची, पाचोऱ्याची यायची, धुळ्याहून पाहुणा संघ यायचा. एवढी मोठी गावं सोडून स्पर्धा या आडगावी का, असं मी भाऊला एकदा विचारलं. भाऊ माझा थोरला, कॉलेजात शिकणारा, आणि स्पर्धेच्या कमिटीतला सर्वांत धावपळ करणारा माणूस. तो म्हणाला, "अगं, दुसरीकडे प्रेक्षक बोलवावे लागतात. इथे ते आधीच अडकून पडलेले असतात."

खरंच होतं ते. गॅलरी नव्हती, खुर्ची नव्हती, दोरीसुद्धा नव्हती. चारी बाजूंनी कापसाच्या गाड्या, एकीला एक लागून, आणि प्रत्येक गाडीवर उंच बसलेली माणसं. पुढे मी मोठ्या शहरांतली मैदानं पाहिली, पैसे देऊन खांबाआडच्या जागांवर बसले. निंबकोठ्याला कुणाच्याच पुढे खांब नव्हता. बसायला मऊ, पाठीला ऊब, आणि सगळं मैदान, फुईच्या शब्दांत बठ्ठं मैदान, परातीतल्या पिठासारखं समोर पसरलेलं.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. कच्च्या कापसाचा जरा कडवट वास, जिनिंगमधून येणारा सरकीचा तेलकट वास, आणि दुपार कलली की कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजल्या जाणाऱ्या वांग्यांचा. जेवायला भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. खेळाडूंनाही तेच. रेल्वेची पोरं पहिल्या दिवशी नाकं मुरडायची आणि शेवटच्या दिवशी आणखी मिरच्या मागायची. केसांत, भुवयांवर, ओठांवर कापसाची तुसं. फुईचं पांढरं लुगडं त्या कापसात मिसळून जायचं आणि वर नुसता तिचा सावळा, ताठ चेहरा दिसायचा.

आणि काय ओरडायची ती! घरात दाराआडून बोलणारी बाई. "अरे, पळ ना मायन्या! पाय शेतस का लाकडं शेत तुना?" बाजूच्या गाड्यांवरच्या बायका हसून लोळायच्या. होय, बायका. त्या मैदानाभोवती बायका पुष्कळ असत, कारण त्या मॅच बघायला आलेल्याच नव्हत्या. त्या कापूस राखायला आल्या होत्या. हे मला तेव्हा कळलं नाही, पण फुईला पुरतं कळत होतं. मधूनच कुणी ओळखीचा म्हातारा गाडीखालून जायला लागला की ती एकदम गप्प होऊन कापूस सारखा करायला लागायची.

"यमुनाबाई, काय म्हनस मॅच?" तो मुद्दाम विचारायचा.

"माले काय इचारस भो? मी कापूस राखाले येल शे," फुई म्हणायची. तो पुढे गेला की मला कोपराने ढोसायची.

चेंडू वर उडाला की हमखास कुणाच्या तरी गाडीत पडायचा आणि कापसात रुतून बसायचा. मग ज्याची गाडी त्याने तो काढून फेकायचा, असा तिथला नियमच झाला होता. एकदा भुसावळच्या संघावर दुसऱ्यांनी चांगलाच जोर केला होता आणि चेंडू आला तो फुईच्या मागे. फुई शांतपणे त्याच्यावर बसली. पंच आला, दोन्ही संघ आले, सगळे आमच्या गाडीकडे तोंड वर करून उभे. "चेंडू? कोठला चेंडू? मी रांडमुंड बाई, माले काय माहीत!" त्यांनी शेजारच्या दोन गाड्या उकरल्या. भुसावळच्या पोरांनी तेवढ्यात पाणी पिऊन घेतलं, श्वास घेतला. मग फुईने "हाऊ शे का?" म्हणत चेंडू काढून दिला. भुसावळच्या गोलकीपरने लांबून तिला आपली टोपी काढून दाखवली.

तो गोलकीपर म्हणजे फुईचा लाडका. किडकिडीत, लोकरीची जुनी टोपी घालणारा. नाव तिला माहीत नव्हतं, ती त्याला टोप्या म्हणायची. तिची बघण्याची तऱ्हाच वेगळी होती. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला गेला, सगळ्या माना तिकडे वळल्या, की ही इकडे टोप्याकडे बघत बसायची. "देख, एकलाच शे आते," ती हळूच म्हणायची. तो खांबापासून खांबापर्यंत चालायचा, हातांवर फुंकर मारायचा, बुटाने माती उकरायचा, स्वतःशीच काहीतरी बोलायचा. कुणीही त्याच्याकडे बघत नसताना तो काय करतो, हे फुई बघायची. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. आता त्याची गंमत वाटत नाही. सगळा खेळ दुसरीकडे चाललेला असताना एकट्याने उभं राहणं म्हणजे काय, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

मी नववीत गेले त्या वर्षी भाऊ घरी आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेने बजावलं होतं, अजिंक्यपदाच्या मॅचेस यापुढे असल्या उघड्या मैदानावर नाहीत. पक्कं कंपाउंड हवं, पाहुण्यांसाठी छपराचं पॅव्हेलियन हवं, कपडे बदलायला खोल्या हव्यात आणि दाराशी तिकीट हवं. नसेल तर स्पर्धा शहरात जाईल, तिथे लोक मैदान बांधून तयार बसले आहेत. त्यांचंही चूक नव्हतं. बैलांच्या पायांत चेंडू जाणारं अजिंक्यपद कुणाला शोभेल? भाऊ पेटला. स्पर्धा गेली तर निंबकोठ्याला कोण विचारतंय, म्हणाला. सायकलवरून तो तालुका पालथा घालत हिंडला.

पैसा अखेर शांतिशेठनी दिला. शेठ मूळचे राजस्थानकडचे, पण तीन पिढ्या इथे कापसाचा आणि कापडाचा व्यापार. दिलदार माणूस, त्यांच्याबद्दल वाईट बोलवणार नाही. त्यांची एकच इच्छा होती. वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे. "नाव फार मोठं नको भाऊसाहेब, पण दिसलं पाहिजे," ते म्हणाले. यात काय अवघड? रस्ता मैदानाच्या पूर्वेला. पॅव्हेलियनची पाठ रस्त्याकडे केली आणि पाठीवर पाटी बसवली. सगळे खूश. पाठ पूर्वेला म्हणजे तोंड पश्चिमेला, आणि मॅचेस संध्याकाळच्या, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. उन्हावर घड्याळ लावणारी, सावली बघून औत सोडणारी माणसं होती सगळी. पण पाटीच्या आनंदात सूर्य विसरली.

आणि कंपाउंड उठलं. दोन पुरुष उंच, वर काचा लावलेलं. गाड्यांची रांग आता त्याच्या बाहेरून जाऊ लागली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी भाऊ घरी आला तेव्हा त्याच्या अंगावर चुन्याचे डाग होते आणि चेहरा नुसता फुलला होता. फुई जात्यापाशी होती. तिच्यासमोर उकिडवं बसून त्याने खिशातून गुलाबी रंगाचा कागद काढला. "फुई, तुनाकरता पास लई उनू. पहिली रांग. खुर्ची!" भाऊला तिचं वेड ठाऊक होतं तर. माझ्याखेरीज घरात तेवढ्या एकालाच ठाऊक होतं. लहानपणी तिनेच त्याला कडेवर वाढवलेलं.

फुईने हात लुगड्याला पुसले, पास घेतला, उलटसुलट करून बघितला. मग परत त्याच्या हातात दिला.

"खुर्चीवर बठीसन काय करू मी?"

"काय करू म्हणजे? मॅच देख!"

"येडा शे का तू? लोक म्हनतीन, आबानी रांडमुंड बहीन पहिल्या रांगमा बठीसन पोरं देखी ऱ्हायनी." ती चिडली नव्हती, समजावत होती. "गाडावर मी कामले बठस, बेटा. कामले बठेल बाईले कोनी काय म्हनत नही."

भाऊ तसाच उकिडवा बसून राहिला. ज्या भिंतीसाठी त्याने वर्षभर चपला झिजवल्या, तिने फुईची जागा तोडली, हे त्याला त्या क्षणी कळलं. मी समोरच होते, मी त्याचा चेहरा बघितला. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. भिंत थोडीच पाडता येणार होती? "तू जाय," फुई मला म्हणाली. "तू देख नि माले सांग." तो पास माझ्याकडे आला.

अंतिम सामन्याच्या दिवशी मी पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या बायकांमध्ये, लोखंडी खुर्चीवर बसले. सूर्य कलला आणि गंमत सुरू झाली. सगळ्या पाहुणेमंडळींनी एक एक करून हात कपाळाला लावले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही माणसं खेळाडूंना सलामी देत आहेत. जिल्ह्याचे अध्यक्ष चष्म्यावर कार्यक्रमपत्रिका धरून बसले. शेठ बिचारे रुमाल डोक्यावर घेऊन सगळ्यांची माफी मागत फिरत होते. समोरचा गोल तर उजेडात विरघळूनच गेला होता. बाकीच्या तीन बाजू रिकाम्या. तिकीट काढून कोण येणार, कापूस टाकून? ज्यांनी हे मैदान इतकी वर्षं भरलं होतं ते सगळे भिंतीपलीकडे होते.

मी उजवीकडे मान वळवून बघितलं. उत्तरेच्या भिंतीपलीकडे, काचांच्या वर, गाडीतल्या कापसावर उभी असलेली फुई दिसत होती. नुसतं डोकं आणि खांदे. ती बसली असती तर काहीच दिसलं नसतं, म्हणून ती उभी होती. त्या उभं राहण्यानेही तिला फारसं काही मिळत नव्हतं. गाड्यांची रांग भिंतीपासून लांब होती, तिथून मैदान दिसणं शक्य नव्हतं, चेंडू उंच उडाला तर तेवढा चेंडू दिसत असणार. चेंडू वर गेला की तिची मान वर व्हायची, खाली आला की तो भिंतीत बुडायचा आणि ती तशीच उभी. मग पुन्हा चेंडू वर. त्या दिवशी तिने एकदाही आरोळी दिली नाही.

सामन्याचा एकमेव गोल झाला तो त्या सूर्याखालच्या टोकाला. पॅव्हेलियनमध्ये कुणालाच दिसला नाही. खेळाडू नाचायला लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीबाहेरच्यांनी आमच्या टाळ्या ऐकून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी गाडीपाशी गेले. फुईने मला वर ओढून घेतलं, अंगावर गोधडी टाकली. मी सांगायला लागले. भुसावळ हरलं, गोल असा झाला असावा, अमका पडला, तमक्याला पंचांनी दम दिला. ती ऐकत होती, मधे मधे मान हलवत होती. मग तिने विचारलं, "चेंडू तिकडे व्हता तवय टोप्या काय करी ऱ्हायना व्हता?"

मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मी चेंडूकडे बघत होते, सगळ्यांसारखी. "उभा होता," मी म्हणाले. "असू दे," ती म्हणाली, आणि कापसातली एक सरकी दाताखाली धरून चावत बसली.

पुढच्या वर्षी स्पर्धा गेलीच. शहरात गॅलरी होती, तिचं तोंड बरोबर दिशेला होतं, पाहुण्यांना उतरायला लॉज होते. भाऊने पत्रं लिहिली, खेटे घातले, काही झालं नाही. आता जगाच्या स्पर्धांबद्दल वर्तमानपत्रात वाचते तेव्हा दिसतं, सगळीकडे हेच आहे. कोण चांगलं खेळतं, कुठली माणसं जीव टाकून बघतात, हे नंतर. आधी छप्पर, आधी आसनं, आधी पैसा. ज्याच्या हाती तो, त्याच्या दारी खेळ जातो. कोट्यवधींच्या त्या मैदानांबाहेर भिंतीपलीकडे उभी असलेली माणसं कुणी मोजत असेल असं मला वाटत नाही. मला राग येतो, आणि तो राग शेठवर काढता येत नाही, भाऊवर तर नाहीच.

त्या हंगामानंतर फुई गाडीबरोबर गेली नाही. आबा म्हणाले, "जाशील का?" ती म्हणाली, "गुडघा दुखस." गुडघा खरंच दुखत असेलही.

नव्वदच्या पुढे आमच्याकडे टीव्ही आला. जगज्जेतेपदाच्या मॅचेस लागल्या तेव्हा भाऊने तिला हाताला धरून समोर बसवलं. घरात, चार भिंतींत, आता कोण काय म्हणणार? तिने थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "ज्यानाकडे चेंडू त्यालेच देखाडतस रे. बाकीना कोठे गयात?" आणि उठून मागच्या पडवीत गेली. भाऊने टीव्ही बंद केला. तो त्या दिवशी जेवला नाही.

शेवटी शेवटी फुईला धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तसं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. भाऊने ओळखीच्याचा टेम्पो आणला, मागे गादी टाकली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आदल्याच दिवशी तिथे कापूस भरला असावा, फळ्यांच्या फटींत पुंजके होते. तिने एक ओढून काढला आणि मुठीत धरला. दिवस हेच, दिवाळीनंतरचे.

निंबकोठा आलं तेव्हा ती म्हणाली, "माले बठती कर." मी तिला पाठीमागून धरून बसवलं. काळ्या जमिनीवर घाईने उठवलेलं कंपाउंड ते. दर उन्हाळ्यात जमीन तडकायची, दर पावसाळ्यात फुगायची, आणि भिंत कधीचीच आडवी झाली होती. विटा लोकांनी नेल्या होत्या. पॅव्हेलियन तेवढं उभं होतं, पश्चिमेकडे तोंड करून, डोळ्यांत ऊन घेत.

"भाऊ, थांबाड रे जरासं."

भाऊने पॅव्हेलियन ओलांडून टेम्पो उभा केला आणि उतरून मागे आला. टेम्पोच्या फळीवरून, गादीच्या उंचीवरून, ते मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत समोर होतं. गवत वाढलेलं, गोलचा एक खांब शाबूत, दुसरा नाही. एक शेळीसुद्धा नव्हती तिथे. फुईने पदर तोंडाशी धरला, माझ्या हातावरचा तिचा भार हलका झाला आणि ती मान लांब करून त्या एका खांबाकडे बघत राहिली.

"आते बठ्ठं दिसस," ती म्हणाली.

भाऊ फळीला धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, चल, उशीर होतोय. त्याने मान हलवली, पण फळीवरचा हात काही त्याला सोडवेना.